विरजण न लागणारं पोट

"तुमचे जुलाब पाण्यानं नाहीत, गोळ्यांनी लागलेत," अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणाले, आणि माझं डोकंच फिरलं. इतके दिवस मी टँकरवाल्याला शिव्या घालत होते.

रिपोर्टवर क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल असं जीभ अडखळवणारं नाव होतं. आतड्यात माजणारा हा एक जंतू.

सुरुवात दाढेपासून झाली. गाल सुजला, दाढ काढली, अँटिबायोटिकचा कोर्स घेतला. ते गरजेचंच होतं. पुढे काही दिवसांनी जुलाब सुरू झाले. दुष्काळाचं साल, गावाला टँकर. सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, पाणी बाधलं. तेच पाणी पिऊन घरातली बाकी माणसं ठणठणीत होती, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही. गावातल्या डॉक्टरनं जास्त पॉवरच्या अँटिबायोटिक गोळ्या दिल्या. त्यानं भागेना, तर त्याहून जास्त पॉवरच्या. दाढेच्या गोळ्यांबद्दल त्यानं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. दाढेचा आणि पोटाचा काय संबंध?

दुष्काळात जुलाब लागणं म्हणजे काय, ते ज्याला लागले त्यालाच ठाऊक. माझी धाकटी जाऊ सुमन टँकरच्या नळीखाली भांडून हंडे भरायची आणि मी ते संडासात ओतायची. ती भांडी राखेनं घासून नुसती पुसायची. तिच्या डोक्याला कित्येक दिवस पाणी लागलं नव्हतं. मला इतकी लाज वाटायची की मी पाणी पिणंच कमी केलं. पोटात कमी गेलं तर बाहेर कमी पडेल, असा माझा हिशेब. तुमच्यापैकी कुणी हा शहाणपणा करू नका. चक्कर येऊन पडले, तेव्हा लघवीसुद्धा बंद झाली होती. डिहायड्रेशन, म्हणजे अंगातलं पाणी आटलेलं. किडन्या जातात की काय, या भीतीनंच मला अंबाजोगाईला नेलं.

सलाइन चालू असताना सुमननं ग्लास पुढं धरला. मी मान फिरवली.

"अक्का, तुमी पानी प्या. पान्याचं मी बघते. तुमीच न्हाई ऱ्हायल्या तर हंडे कुनासाठी भरू?"

मी प्यायले.

डॉक्टर समजावत होते, आतड्यात चांगले जंतूही असतात, अँटिबायोटिकनं तेही मरतात, आणि रिकाम्या जागेत हा माजतो. त्यांचं बोलणं संपायच्या आत मला कळलं. आमच्या सहकारी डेअरीवर दूध मोजून घेणारी मीच. कास सुजलेल्या गायीला इंजेक्शन दिलं असेल, तर तिचं दूध आम्ही काही दिवस घेत नाही, कारण दुधात उतरलेलं औषध विरजणातले जंतू मारतं आणि त्याला विरजण लागत नाही. गायीचं मला कळत होतं आणि स्वतःच्या पोटाचं नाही. संताप आला तो याचाच.

जुन्या गोळ्या बंद झाल्या. यावर औषध काय, तर आणखी एक अँटिबायोटिक! ते मुख्यतः या जंतूलाच मारतं म्हणे. वर डॉक्टरांनी सांगितलं, सॅनिटायझरनं हा मरत नाही, दर वेळी साबण लावून भरपूर पाण्यानं हात धुवा. भरपूर पाण्यानं! आमच्या गावात हाच जंतू यायचा होता.

हळूहळू पोट थांबलं, किडन्याही सावरल्या. तुम्हाला एवढंच सांगते, जुलाब लागले तर आधी कोणत्या गोळ्या घेतल्या होत्या ते डॉक्टरांनी न विचारताही सांगा. आणि पाणी पीत राहा, मग ते कुणीही डोक्यावरून आणलेलं असो.

घरी आल्यावर एका संध्याकाळी रांजणाशेजारी दोन हंडे भरलेले उरले. सुमननं ते तापवले आणि डोक्यावरून न्हाली. केस सोडून ओट्यावर बसली. डॉक्टरांचे आभार मानायला मला अडचण आली नव्हती. हिचे मानायचे राहिले होते. मी कंगवा घेतला आणि तिच्या मागं जाऊन बसले.