मालगुजारीणबाईंची एक वाटी

आमच्या घरमालकीणबाई दर रविवारी, दुपारची जेवणं आटोपली की काशाची वाटी लख्ख घासायच्या, मागच्या पडवीत सतरंजी टाकायच्या आणि बिअर प्यायच्या. साधीसुधी नव्हे. बेल्जियम देशातून आलेली, काळीभोर आणि भलतीच कडक! मी तेव्हा पुण्याहून नवी नवी लग्न होऊन नागपुरात आले होते. नवरा शाळामास्तर. धरमपेठेतल्या बाईंच्या बंगलीच्या मागच्या दोन खोल्या आम्ही भाड्यानं घेतल्या होत्या. पहिल्याच रविवारी साठीची ती विधवा बाई, डोक्यावरून नीट पदर घेऊन, पुढ्यात बाटली मांडून बसलेली पाहिली आणि माझ्या हातातलं ताक सांडलं.

"काहून पाहून राहिली वं, मास्तरीण?" बाई म्हणाल्या. "भूत नाही पाह्यलं तू. ये, बस."

नाव पार्वताबाई, पण सगळा मोहल्ला त्यांना मालगुजारीणबाई म्हणायचा. भंडाऱ्याकडची मालगुजारी, म्हणजे जमीनदारीच, होती. यजमान वारल्यावर मुलगा नारायणराव वकिली करायला नागपुरात आला, त्याच्यामागून बाई आल्या. बंगलीच्या पुढच्या भागात त्यांनी मँगनीजच्या खाणीवरच्या एका बेल्जियन इंजिनिअरला पूर्वी भाडेकरू म्हणून ठेवलं होतं. त्या साहेबाला हिवताप भरला तेव्हा बाईंनी महिनाभर त्याला ज्वारीच्या कण्या करून घातल्या. बरा झाल्यावर त्यानं एक बाटली आणून दिली. बाईंनी ती चाखली, आणि त्यांचं त्या बाटलीशी जे सूत जमलं ते कायमचं. साहेब मायदेशी परतला तरी वर्षातून एकदा मुंबईमार्गे, गवतात गुंडाळलेल्या बाटल्यांची एक पेटी न चुकता यायची.

आता हे ऐकून कुणाला वाटेल बाई पिणाऱ्या होत्या. छे! पिणाऱ्या माणसाची तर त्यांना चीड होती. "आमचे मालक लोटाभर मोहाची पेत," त्या सांगायच्या. "कशी लागते म्हनून इचारलं तं म्हनत, कडू. एवढंच! ज्यानं ते फूल येचलं, वाळवलं, त्याचा केवढा अपमान वं!"

बाईंची चाखण्याची रीत मात्र सोवळ्यातल्या स्वयंपाकाइतकी कडक. बाटली आदल्या दिवसापासून हलवायची नाही. ओतताना हात थरथरता कामा नये, तळचा गाळ तळालाच राहिला पाहिजे. मग वाटी नाकाशी. मी एकदा घाईनं ओठाला लावली तर हातावर चापट बसली. "आधी नाकाले दे, मंग जिभेले. नाक घरातलं थोरलं हाय, त्याचा मान पयला." हो, मी चाखली. आता लपवायचं काय? घोट घेतल्यावर बोलायलाही बंदी होती. चव पुरती विरेपर्यंत दोघी गप्प बसायचो. मग बाई डोळे मिटूनच सांगायच्या, "पयले खारीक आली. मंग जळलेला गूळ. अन् सगळ्यात मागून, पाह्य, भाकरीची करपलेली कड." मी पुन्हा घोट घ्यायची, आणि खरंच की, खारीक यायची!

सोबत भाजलेले फुटाणे असायचे. मी एकदा हौसेनं ठेचा नेला, तो त्यांनी परत पाठवला. "भिवापूरची मिरची भांडखोर हाय. ते कोनाले बोलू देत नाही." आणि काही झालं तरी वाटी एकच. दुसरी मागितली की म्हणायच्या, "पयली वाटी चव सांगते, दुसरी गोष्टी सांगते. मले गोष्टी नाही आयकाच्या."

नारायणरावांना हे सगळं सलायचं. कोर्टात वकिलांच्या बार रूममध्ये कुणी हसलं तर? त्यात त्यांची मुलगी कुसुम लग्नाची. दोन स्थळं हातची गेलेली. तिसरं आलं ते उमरेडचं. मुलगा डॉक्टर, "लग्नानंतर मॅट्रिक करायची असेल तर जरूर करा" म्हणणारा. फोटो पाहूनच कुसुमचा जीव जडला होता. मुलाचे वडील गोविंदाजी गुळाचे मोठे व्यापारी. गळ्यात तुळशीची माळ, घरात कांदासुद्धा वर्ज्य. "माय, पाहुणे मुलगी पाहायला येतील त्या दिवशी तुझं ते काळं तोंड मला दिसता कामा नये," असं वकीलसाहेबांनी बजावलं. म्हणजे बाटलीचं हो, आईचं नव्हे.

मे महिना. बाटल्या एरवी माजघरात रांजणाखालच्या ओल्या रेतीत गळ्यापर्यंत पुरलेल्या असायच्या. पाहुण्यांना गार पाणी हवं म्हणून सूनबाईंनी सकाळी रांजण पुढच्या व्हरांड्यात नेला, रेती झाडून काढली, आणि बाटल्या कुणाला दिसू नयेत म्हणून कुठं ठेवाव्यात? व्हरांड्यातल्या बाकाखाली! वर सतरंजी सोडली की झालं. त्याच बाकावर गोविंदाजींना बसवलं. दहाच्या सुमाराला ऊन थेट बाकाखाली शिरलं.

मी आलूबोंड्यांच्या बशा घेऊन दारात, कुसुम पदर सावरत उभी, आणि फट्टाक्! गोविंदाजी हातभर उडाले. बाकाखालून काळा फेस फुसफुसत त्यांच्या जोड्यांपर्यंत आला.

"काही नाही, काही नाही," नारायणराव घाईनं म्हणाले. "काकवी आहे. उन्हानं फसफसली."

झालं! गुळाच्या व्यापाऱ्यापुढे काकवीचं नाव काढलं. गोविंदाजींचा चेहरा खुलला. "काकवी? कोनत्या गुऱ्हाळाची हाय, पाहू तं," म्हणत ते वाकले, फेसात बोट बुडवलं आणि तोंडाकडे नेलं. नारायणरावांनी त्यांना अडवलं नाही. मीही नाही.

"थांबा, पाव्हनं!" आतल्या दारातून बाई बाहेर आल्या होत्या. "तोंडाले लावू नोका. काकवी नाही, दारू हाय ते. माही हाय, मी पेतो."

गोविंदाजींचं बोट ओठांपासून वीतभर अंतरावर थांबलं. बाईंनी लोटा उचलला आणि त्यांच्या हातावर पाणी घातलं. त्यांनी हात धुतले, पुसले, टोपी सारखी केली. चहा तसाच राहिला. कुणाकडे न पाहता मंडळी टांग्यात बसून निघून गेली.

मग जे रामायण झालं ते विचारू नका. "एक बोट!" वकीलसाहेब ओरडले. "एका बोटानं त्यांचं काय बिघडणार होतं? चव कळली असती त्यांना? पोरीचं सोनं झालं असतं!"

"माह्या जिभेची मी मालकीन," बाई एवढंच म्हणाल्या. "त्यायच्या जिभेची नाही."

त्यानंतर नारायणरावांनी आईशी बोलणं टाकलं. बाई माझ्याकडे येऊन बसल्या आणि घळाघळा रडल्या. "पोरीचा जीव लागला होता वं. मले काय समजत नव्हतं? पन त्या मानसानं एवढी वर्सं जपलं ते माह्या अंगनात मोडू देऊ?" त्या रविवारी वाटी निघाली नाही. मला फार वाईट वाटलं. खरं सांगायचं तर मला वकीलसाहेबांचा संताप आला होता.

सोमवारी सकाळी फाटकाशी टांगा थांबला. गोविंदाजी एकटेच उतरले. नारायणराव धावत सामोरे गेले, हात जोडून म्हणाले, "त्या दिवशीची माफी असावी. म्हातारं माणूस, समजत नाही. आम्ही ते सगळं फेकून दिलं." बाटल्या तेव्हा माझ्या खाटेखाली होत्या.

गोविंदाजी व्हरांड्यात आले, पण बाकावर बसले नाहीत. "पोरगी पसंत हाय, वकीलसाहेब. पन बोलनी मी तुमच्यासंग नाही करत. तुमच्या मायले बोलवा."

नारायणरावांनी जोडलेले हात खाली घेतले. मग मागच्या पडवीकडे आले. बाई तांदूळ निवडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही.

"माय," ते दारातूनच म्हणाले, "पाव्हने तुले बोलावून राहिले."