शिंदीचं दुकान बंद झालं तो आठवडा

शिंदीचं दुकान बंद झालं त्या दिवशी गावानं पहिला हार माझ्या गळ्यात घातला होता. तो मी काढून खुंटीला अडकवला आणि जेवायला बसलो. आपण एक चांगलं काम केलं, असं मला मनापासून वाटत होतं.

आमचं गाव नळदुर्गपासून जवळच, हायवे सोडून थोडं आत. गावच्या समाजमंदिरात दोन खोल्यांचं एक उपचार केंद्र चालतं, मनाच्या आजारांसाठी आणि व्यसनासाठी. तिथं कुणाला भरती करून घेत नाहीत. माणसानं यायचं, बोलायचं, गोळ्या घ्यायच्या आणि आपल्या घरी जायचं. दर गुरुवारी सोलापूरहून मनोविकाराचे डॉक्टर येतात. बाकीचे दिवस तिथं मी असतो, समुपदेशक म्हणून. म्हणजे दारू पिणाऱ्यांशी बोलायचं, त्यांच्या घरच्यांना समजावायचं. घरच्यांना मी नेहमी एकच सांगत आलो: घरात काय चाललंय याकडं डोळे उघडे ठेवा, माणूस एका दिवसात बिघडत नाही.

दुकान बंद व्हावं म्हणून बायकांनी ठराव केला, निवेदनं दिली. त्यांचा अर्ज मीच लिहून दिला होता. सोमवारी सकाळी सील लागलं आणि दुपारी मारुतीच्या पारावर सभा झाली. मी बोललो. पुढच्याच रांगेत माझी आई बसली होती. सगळ्या बायका टाळ्या वाजवत होत्या, ती तेवढी मांडीवर हात ठेवून बसली होती. तिला संधिवात आहे, बोटं वाकडी झालीत. टाळी वाजवताना दुखत असेल, असं मी मनाशी म्हटलं.

आमच्याकडं शिंदीला कुणी दारू म्हणत नाही. झाडाचं पाणी म्हणतात. थंड असतं, अंगदुखीला बरं असतं, म्हातारी माणसं संध्याकाळी एक पेला घेतात आणि गाढ झोपतात. ओढ्याकाठी शिंदीची झाडं आहेत, पण ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि चैत्रात त्यांच्या झावळ्याही वाळून खाली लोंबत असतात. तरीही दुकानातली शिंदी कधी संपायची नाही. हे आम्ही सगळेच वर्षानुवर्षं बघत होतो. त्या झाडांखालून मी रोज केंद्रात जायचो. एवढी शिंदी येते कुठून, हा प्रश्न माझ्या डोक्यात एकदाही आला नाही.

मंगळवारी गाव शांत होतं. पारावर कुणी नाही, हॉटेलात कुणी नाही. मला वाटलं, लोक लाजलेत.

बुधवारी केंद्र उघडलं तर दारात एक गवंडी उभा होता. आमच्या शाळेची भिंत त्यानंच बांधली होती. ओळंबा न लावता सरळ भिंत चढवणारा माणूस, अशी त्याची ख्याती. तो चौकटीला धरून उभा होता. मी त्याला पाणी दिलं, तर पेला त्याच्या दातांवर कडकड वाजला आणि पाणी सदऱ्यावर सांडलं. सोमवारपासून डोळ्याला डोळा लागला नाही, असं तो म्हणाला. मग त्यानं माझ्या मागच्या भिंतीकडं बघितलं आणि नजर खाली वळवली.

"काय झालं, मामा?"

"चुन्यातनं मुंग्या निघायल्यात," तो म्हणाला. "मुंग्या न्हाईत हे मला ठावं हाय. तरी दिसत्यात."

दारू सोडणाऱ्यांची थरथर मी पुष्कळ बघितली होती. मी डॉक्टरांना फोन लावला. गवंडी रोज किती घेत होता, असं त्यांनी विचारलं. दोन पेले शिंदी, मी सांगितलं.

"दोन पेल्यांनी असं होत नाही," डॉक्टर म्हणाले. "त्या शिंदीत काय होतं?"

मला ठाऊक नव्हतं. त्यांनी गवंड्यासाठी गोळ्या सांगितल्या, त्याला एकटं सोडू नका म्हणाले, आणि उद्या सकाळी लवकर येतो म्हणून फोन ठेवला. दुपारपर्यंत बाकावर जागा उरली नाही. नेहमीचे पिणारे त्यात थोडेच होते. बाकीची माणसं अशी, की ती कधी या दारात येतील हे स्वप्नातही वाटलं नसतं. देवळात दिवाबत्ती करणारा म्हातारा होता. भाजी विकणारी बाई होती. सगळ्यांचे हात कापत होते. कुणाला अंगावर काहीतरी चालल्यासारखं वाटत होतं, कुणाला कोणीतरी नावानं हाक मारत होतं. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि ही माणसं अंगाभोवती चादर घट्ट ओढून बसली होती.

गुरुवारी डॉक्टर आले, चार-पाच जणांना तपासलं आणि मला बाजूला घेतलं. असल्या शिंदीत गुंगीची पावडर मिसळतात, झोपेच्या औषधाची. बाकी सगळं पाणी, रंग, पावडर. झाडाचा अंश नावालाच. ही माणसं शिंदीवर नव्हती, झोपेच्या औषधावर होती, वर्षानुवर्षं. ते औषध हळूहळू उतरवायचं असतं, आणि आपण ते एका सकाळीच तोडलं होतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी झटके येतात, असं ते म्हणाले. आज चौथा दिवस होता.

"इथं आलेत त्यांची मला तेवढी काळजी नाही," डॉक्टर म्हणाले. "लाजेनं घरात बसलेत त्यांना आधी शोधा."

मी देवळाच्या भोंग्यावरून पुकारलं आणि गल्लोगल्ली निघालो. दारं अर्धी लावलेली. काही घरांतून उत्तर यायचं, आमच्यात कुणी घेत न्हाय, आणि आतून कण्हण्याचा आवाज यायचा. एका घरातून तरणा माणूस दोघांनी धरून बाहेर काढला, त्याला कुठं नेतोय हेच कळत नव्हतं. मी वहीत लिहून घेत होतो, समजावत होतो, यात लाजण्यासारखं काही नाही, हा आजार आहे, असं दर उंबऱ्यावर म्हणत होतो. मला ते पाठच होतं.

आमच्या मागच्या गल्लीत एक म्हातारी विधवा एकटी राहते. ती दारातच बसली होती. तिचेही हात कापत होते. मी माझं बोलणं सुरू केलं, तर तिनं हातानंच थांबवलं.

"समदी घरं हिंडलास," ती म्हणाली. "तुझ्या घरी जाऊन आलास का?"

मला आधी कळलंच नाही. मग तिच्या तोंडाकडं बघितलं. दुपारचे बारा वाजले असतील. मी पळालो.

बायको दारातच होती. तिचा चेहरा बघून मी तसाच आत गेलो. आई मधल्या खोलीत जमिनीवर बसली होती. पदराचे धागे एकेक करून उपसत होती आणि शेजारी त्यांचा ढीग झाला होता. आईचं माहेर कर्नाटकातलं. आमच्याशी ती मराठी बोलायची, पण मी तिला लहानपणापासून अव्वाच म्हणतो. मी हाक मारली. तिनं वर बघितलं, पण माझ्याकडं नाही. माझ्या खांद्यावरून कोपऱ्याकडं.

"अल्ली यार निंतार?" ती विचारत होती. तिथं कोण उभं आहे?

कोपऱ्यात घडवंची होती आणि तिच्यावर गोधड्या. आई पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिली, सावकाश, घाबरल्यासारखी नव्हे, दारात आलेल्या पाहुण्याला विचारावं तशी. मग तिचं बोलणं अर्ध्यात तुटलं. मान एका बाजूला ओढली गेली, डोळे वर गेले आणि सगळं अंग ताठ होऊन हिसके द्यायला लागलं. मी तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली हात घातला. असं करा म्हणून मी कितीतरी जणांना शिकवलेलं आहे. माझा हात तिच्या डोक्याखाली आपटत होता आणि मला एवढंच दिसत होतं की तिची वाकडी बोटं सरळ झालीत.

झटका थांबल्यावर शेजाऱ्यांना हाक मारली. चौघांनी तिला बाजेवर घेतलं आणि आम्ही केंद्राकडं निघालो. गाव उंबऱ्यांवर येऊन उभं राहिलं होतं. अर्ध्या तासापूर्वी ज्या दारांत मी लाजू नका म्हणून सांगितलं होतं, त्याच दारांवरून बाज चालली होती. आणि मी काय केलं, तर चालता चालता आईचा पदर ओढून तिच्या तोंडावर घातला.

केंद्रात डॉक्टरांनी तो पदर सर्रकन बाजूला केला. "तोंड उघडं ठेवा," ते म्हणाले. "श्वास बघायचाय मला." त्यांनी इंजेक्शन दिलं. अ‍ॅम्ब्युलन्स निघाली तेव्हा तिच्यात आई होती, तो गल्लीतला तरणा माणूस होता आणि मी. सोलापूरपर्यंतच्या वाटेत आईला आणखी एक झटका आला.

दवाखान्याच्या बाहेर, झाडाखाली, मागून आलेल्या बायकोनं मला सांगितलं. रोज संध्याकाळी ती स्वतःच मागच्या गल्लीतल्या म्हातारीकडं ताकाचा डबा घेऊन जायची. जाताना ताक, येताना शिंदी. आईनंच शपथ घातली होती, त्याला सांगू नको म्हणून.

"आणि तू सांगितलं नाहीस," मी म्हणालो.

"त्यांची बोटं दुखायची थांबायची. रात्री झोपायच्या. मला वाटलं, झाडाचं पाणी हाय." तिनं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "सोमवारपासून त्या झोपल्या न्हाईत. दोनदा तुमाला सांगायला आले. तुमी फोनवर होता. आणि तुमी तरी कधी विचारलं त्यांना, अवो? समद्या गावाला विचारता तुमी."

मला राग आला होता. तिचं म्हणणं खोटं आहे असं म्हणायला मी तोंडही उघडलं. पण माझ्याजवळ सांगण्यासारखा एकही दिवस नव्हता.

आई वाचली. तिला घरी आणेपर्यंत त्या देवळातल्या म्हाताऱ्याचं क्रियाकर्म उरकलं होतं. बुधवारी तो बाकावर बसला होता, गर्दी बघून उठून गेला आणि पुन्हा आलाच नाही. शुक्रवारी सकाळी देवळाचं दार उघडलं नाही, तेव्हा लोकांना कळलं. घरच्यांनी काळजाचा झटका म्हणून सांगितलं. कुणी उलटून विचारलं नाही. बुधवारच्या वहीत त्याचं नाव माझ्याच अक्षरात आहे. पुढं गोळ्यांचा रकाना कोरा आहे.

पुढच्या एका गुरुवारी आईला केंद्रात नेलं. ती बायकांच्या रांगेत बसली. माझ्या खोलीत बस म्हटलं तर नको म्हणाली. तिचा नंबर आला तेव्हा मी उठून बाहेर जाणार होतो, कारण आपल्या माणसाची माहिती आपण भरू नये असा आमच्यात नियम आहे. पण ती म्हणाली, असू दे त्याला. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून घेत होता.

"ह्याचं लगीन व्हायच्या आधीपासनं," आई म्हणाली. "ह्याचा बाप गेला आन् हा शिकायला गेला. घरात कुनी न्हवतं. झोप यायची न्हाय."

ती माझ्याकडं न बघता बोलत होती. डॉक्टर लिहीत होते. मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो. माझं समाजकार्याचं सगळं शिक्षण त्या वर्षांत झालं. सुट्टीत मी घरी यायचो, तेव्हा आई लवकर झोपायची, एवढंच मला आठवत होतं.

आता तिच्या गोळ्या कमी करत आणल्यात. दर गुरुवारी थोड्या थोड्या. हात कापायचे थांबलेत, पण बोटांचं दुखणं परत आलंय, आणि कधी कधी ती बोलता बोलता मराठी शब्द विसरते.

गावात सगळं सुरळीत झालं, असं लोक म्हणतात. गेल्या महिन्यात तो गवंडी केंद्रात आला. चेहरा तुकतुकीत, हात स्थिर. गोळ्या नकोत आता, म्हणाला. मी त्याचं कौतुक केलं आणि करता करताच थांबलो. एवढ्या लवकर असा आराम पडत नाही. कुठं जाता, असं मी विचारलं. तो हसला. सकाळची पहिली जीप राज्याच्या हद्दीपलीकडं जाते. तिथं एक दुकान आहे, तशीच शिंदी. मी त्याला पुन्हा सगळं सांगितलं, पावडरीचं, झटक्यांचं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि नमस्कार करून गेला. त्यानंतर मी सकाळी फाट्यावर जाऊन बघितलं. जीप भरली होती. मागच्या गल्लीतली म्हातारी पुढं बसली होती. तिनं मला ओळख दाखवली नाही.

परवा दुपारी बायकोचा केंद्रात फोन आला. आईनं तिला विचारलं होतं, एक डाव पलीकडं जाऊन येऊ का म्हणून. समोर बसलेल्या माणसाला थांबायला सांगून मी घरी गेलो. आई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. अंगठ्यानं फुटत नव्हत्या, म्हणून ती एकेक शेंग दगडावर ठेवून दुसऱ्या दगडानं दाबत होती. मी शेजारी बसलो.

"अव्वा, जावंसं वाटतंय का?"

तिनं दगड खाली ठेवला. "व्हय."

"रोज वाटतं?"

"रोज," ती म्हणाली. "सकाळी जीपचा हॉर्न वाजला की उठून बसते मी. तू झोपलेला असतोस."

मी शेंगांचं सूप माझ्याकडं ओढलं आणि शेंगा फोडायला लागलो. केंद्रात तो माणूस अजून वाट बघत बसला होता.