अण्णांच्या कांद्यावरचा इन्कम टॅक्स

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. बरं, हसा! त्या दिवशी आख्खं ऑफिस हसलं, तुम्हीच कशाला मागे राहता?

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी नगरला बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. विषय इन्कम टॅक्स. ज्ञान बेताचं, पण रुबाब असा की अर्थमंत्र्यांनी बजेट मला विचारून मांडावं! वक्तृत्व स्पर्धेत 'कर बुडवणारे देशद्रोही' असं ठणकावून मी बक्षीससुद्धा आणलं होतं. तेव्हा अंगात जो शर्ट होता, तो मात्र "बिल नको, तेवढे कमी करा" म्हणून घेतलेला. भाषण वेगळं, शर्ट वेगळा!

त्या वर्षी पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावात कांद्याला कधी नव्हे तो भाव मिळाला. इकडे विहिरीवरची मोटार जळालेली, मका पाण्यावाचून वाळायला लागलेला. माझे वडील, म्हणजे अण्णा, नवी मोटार आणायला निघाले. मी दारात आडवा!

"अण्णा, आधी टॅक्स!"

"कसला रं?"

"इन्कम टॅक्स! न भरता पैसे खर्चलेत तर धाड पडेल."

"आपल्या घरावर? आन् नेत्याल काय, म्हस?"

"जेलसुद्धा होते!"

झालं! आईनं डोळ्याला पदर लावला. अण्णा म्हणाले, "सरकारचं आसंल ते आधी देऊ. पोरगं शिकलंय, उगं न्हाई सांगत." मोटार राहिली. आठ दिवस मी आकडेमोड करतोय आणि तिकडे मका माना टाकतोय. शेजारचे बाबूतात्या रोज म्हणायचे, "आरं, शेतीला कुठं टॅक्स आस्तो व्हय?"

"तात्या, कायद्यातलं तुम्हाला काय कळतंय!" काय तो माझा तोरा, अहाहा!

शेवटी एसटीनं नगर गाठलं. इन्कम टॅक्सच्या ऑफिसात अण्णांनी साहेबांना रामराम घातला आणि नोटांची पिशवी थेट टेबलावर ठेवली. साहेब ताडकन उठले.

"उचला आधी! मला लाच देता?"

"लाच न्हाई साहेब, कांदा हाय. टॅक्स भरायचाय."

साहेब मटकन खाली बसले. "अहो बाबा, शेतीच्या उत्पन्नाला इन्कम टॅक्स नसतो. कुणी सांगितलं तुम्हाला?"

अण्णांनी कौतुकानं माझ्या पाठीवर हात ठेवला. "ह्यानं. टॅक्सचंच शिकतोय."

"काय रे, करमुक्त उत्पन्नाचं प्रकरण वाचलं नाहीस?"

धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला. खरं तेच बोललो, "साहेब, ते गेल्या वर्षी परीक्षेत येऊन गेलं. यंदा येणार नाही म्हणून ऑप्शनला टाकलं."

कारकुनांपासून शिपायापर्यंत सगळे खो खो हसले. साहेबांनी डोळे पुसत चहा सांगितला.

अण्णा तेवढे हसले नाहीत. चहा संपवला, पिशवी काखेत मारली, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि अगदी हळू विचारलं,

"साहेब, पीक गेलं तर तलाठी येतो, पंचनामा करतो. ह्याच्यावर मी तीन वर्सं घातली. ह्याचा पंचनामा कोन करतं?"