भातवाली सहा पुस्तकं

मरोळला आमच्या सोसायटीच्या ऑफिसात एक लोखंडी कपाट आहे. त्याला आम्ही वाचनालय म्हणतो. त्यात दोनशे चौदा पुस्तकं आहेत आणि कोण काय घेऊन गेलं याची वही माझ्याकडे असते. गेल्या वर्षी सीसीटीव्हीचं यंत्र ठेवायला त्यातला एक कप्पा हवा होता. कमिटीत मीच नियम सुचवला: वर्षभरात देणाऱ्याचं घर सोडून निदान तीन वेगवेगळ्या घरांत न गेलेली पुस्तकं रद्दीत द्यावीत. हिशेबी नियम होता, सगळ्यांनी लगेच मान्य केला. मुदत वार्षिक सभेपर्यंत.

घरी येऊन वही तपासली तेव्हा कळलं की या नियमात सगळ्यात आधी जाणार ती माझी लाडकी मालिका. सहा भागांची विज्ञान कादंबरी, मीच कपाटाला दिलेली. वर्षभरात ती एकाच घरात गेली होती. माझ्या.

गोष्ट एका यानाची. चारशे बारा माणसं घेऊन ते दूरच्या ग्रहाकडे निघालंय आणि पोचायला एकोणीस वर्षं लागणार आहेत. मी ती तीनदा वाचली आहे. दुसऱ्या भागातल्या इंधनाच्या आकड्यांत लेखकाकडून झालेली एक चूक शोधून मी समासात पेन्सिलीने दुरुस्तही केली आहे. इतकं असूनही या पुस्तकांबद्दल बोलायला मला बिल्डिंगमध्ये एक माणूस मिळालेला नव्हता. बायको म्हणते, "तुम्ही सांगायला लागलात की वाटतं, शेवटी परीक्षा घेणार."

नियम बदला असं म्हणणं मला जमणारं नव्हतं. तेव्हा वाचक शोधणं आलं. मी नोटीस बोर्डावर कागद लावला. वीस वर्षं सोसायटीच्या नोटिसा लिहून हाताला जे वळण लागलंय त्यातच तो उतरला: "सर्व सभासदांना कळविण्यात येते की, सहा भागांची विज्ञान कादंबरी कपाटात उपलब्ध आहे. एकूण पृष्ठे २३१६. रोज वीस पाने वाचल्यास ११६ दिवसांत पूर्ण होते. पहिल्या भागापासून सुरुवात करावी. चौथा भाग थोडा रेंगाळतो, याची नोंद घ्यावी."

शेवटचं वाक्य मी विचार करून घातलं होतं. जे खरं आहे ते आधीच सांगितलेलं बरं.

आठवडाभरात दोघांनी चौकशी केली. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी विचारलं, "हे भाडेकरूंना पण लागू आहे का?" आणि लिफ्टमध्ये एक बाई काळजीने म्हणाल्या, "शेवटची तारीख काय आहे हो? आणि नाही वाचलं तर?"

पुस्तक मात्र कोणी नेलं नाही.

मग तळमजल्यावरच्या मावशी आल्या. मूळच्या मालवणकडच्या, वय चौऱ्याहत्तर. जवळच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याचं कॅन्टीन त्यांनी सव्वीस वर्षं चालवलं.

"झिला, तो चौथो भाग दी माका."

"मावशी, पहिल्यापासून वाचायचं असतं. चौथ्यात काही कळणार नाही. नुसतं स्वयंपाकघर आहे त्यात."

"तूच लिवलंस ना, रेंगाळता म्हणून? मग बराच आसा. दुपारी वाचता वाचता डोळो लागलो तरी काय चुकूचा नाय."

मी वहीत नोंद केली आणि चौथा भाग दिला. मनात म्हटलं, एक घर तर झालं.

नऊ दिवसांनी मावशी पुस्तक घेऊन परत आल्या. मला वाटलं, अर्धवट सोडलं असणार. त्यांनी मात्र खुर्ची ओढली.

"माका एक सांग. सुरवातीक रोज एकेचाळीस किलो तांदूळ शिजता. बरोबर आसा, पन्नास माणसांक पाच किलो धरतत. मधे छत्तीस होता. शेवटाक एकतीस. माणसां तेवढीच, कोण मराक नाय, कोण आजारी नाय. आणि आचारी काय बोलणा नाय."

"मग?"

"मग काय? धान्य कमी पडला आसा आणि तो कप्तान सगळ्यांपासून लपवता. पुढच्या भागात भायर येता ना?"

येतं. पाचव्या भागाच्या मध्यावर ते उघडकीस येतं आणि तीनही वेळा मी हादरलो होतो. लेखकाने ते कुठून आणलं, हे मला कधी कळलं नव्हतं. आता पानं उलटून पाहिली. पान अठरा, पान एकशे सात, पान दोनशे साठ. आकडे समोर छापलेले होते. इंधन मी दशांशापर्यंत तपासलं होतं. भाताच्या आकड्यांवरून नजर नुसती फिरली होती.

"सव्वीस वर्षं तांदूळ धुतलंय," मावशी म्हणाल्या. "पातेला हलका झाला की हाताक समाजता. आता पाचवो दी. मगे पयलो वाचतंय."

त्याच दिवशी मी बोर्डावर दुसरा कागद लावला: "शुद्धिपत्रक. चौथा भाग रेंगाळत नाही. चूक वाचकाची होती." खाली सही केली. या कागदाची चर्चा पहिल्यापेक्षा जास्त झाली, कारण कमिटीने चूक कबूल केल्याचं बिल्डिंगमध्ये कोणी पाहिलं नव्हतं. मावशींनी संध्याकाळी बाकावर बसून बाकीचा प्रचार केला. मालिकेचं खरं नाव कोणाच्या तोंडी बसलं नाही. 'भातवाली पुस्तकं' हे नाव पडलं आणि पाचव्या मजल्यावरची कॉलेजात जाणारी मुलगी चौथा भाग घेऊन गेली. दोन घरं.

सभेच्या रविवारी सकाळी सेक्रेटरी वही पाहायला आला. आम्ही दोघं एकाच वर्षी या बिल्डिंगमध्ये राहायला आलो.

"दोनच? अरे, वहिनींनी पण पहिला भाग नेलाय की. तीन झाली."

"ते माझंच घर. देणाऱ्याचं मोजत नाही."

"यार, कोण बघतंय?"

"मी बघतोय."

"मग गेली रद्दीत! तुझा नियम, तुझी पुस्तकं." मग त्याने हात पुढे केला. "आण एक इकडे. मी घेतो."

"वाचणार असलास तरच सही कर."

"वाचतो रे बाबा! वाचनालय आहे की पोलीस ठाणं? कुठला देतोस, पहिला?"

"चौथा," मी म्हटलं. "आणि भात मोजत जा."

त्याने सही केली. सभेत मालिका रद्दीतून वाचली आणि सीसीटीव्हीच्या यंत्राला जुन्या दिवाळी अंकांची जागा मिळाली. त्या सहीवर मात्र माझा पूर्ण विश्वास नव्हता. वहीत त्याच्या नावापुढे मी पेन्सिलीने बारीक प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं.

बुधवारी सकाळी कामावर निघताना इंटरकॉम वाजला.

"ऐक," सेक्रेटरीचा आवाज. "भात छत्तीसवर आलाय. माणसं तेवढीच आहेत. काय भानगड आहे रे ही?"

"वाच पुढे," मी म्हटलं. खाली उतरलो, ऑफिस उघडलं आणि प्रश्नचिन्ह खोडलं.