तात्याजी भाव करत नसत

तात्याजी मालगुजार भाव करत नसत. भाजीवाली सांगेल तो भाव, रिक्षावाला मागेल ते भाडं. कोणी हटकलं तर म्हणायचे, "त्यानं मागितलं, आपण देल्लं. झालं न काम?" लोक याला दिलदारी म्हणत. मी म्हणत नसे. मी घासाघिशीवर उभा राहिलेला माणूस आहे. कामठी रोडवर फुटपाथला पोतं अंथरून जुन्या मोटारींचे सुटे भाग विकत मी दुकानापर्यंत पोचलो. ज्याच्याशी भाव करतो त्याला आपण निदान माणसात धरतो, असं माझं मत आहे. भाव न करणारा समोरच्याकडे पाहतच नाही.

म्हणून आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात, तात्याजी आपली जुनी मोटरबोट विकायला काढताहेत असं कानावर आलं तेव्हा मी त्यांच्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या आवारात गेलो आणि मुद्दाम लाज वाटावी असा भाव सांगितला. मला भांडण हवं होतं.

"घेऊन जा," तात्याजी म्हणाले.

"अहो, काही बोला तरी! हा काय भाव झाला?"

"तूच तं सांगितला न गा."

त्यांनी माझ्या तोंडचा घास काढून घेतला. बोट माझी झाली आणि मी चिडून घरी आलो. बायको, कौसल्या, म्हणाली, "स्वस्तात भेटली तरी तोंड काहून पाडून बसले?" तिला काय सांगणार!

ती बोट मी आधीपासून ओळखत होतो. साठ सालापुढची काही वर्षं मी तात्याजींच्या जिनिंगमध्ये फिटर होतो. त्यांनी कलकत्त्याच्या कोण्या साहेबाकडून ती आणलेली. लाकडी, लांब नाकाची. इंजिन बोटीच्या पोटात, आणि पंखा फिरवणारा लोखंडी पाय मागच्या फळीतून बाहेर येऊन पाण्यात लोंबायचा. त्या पायाला आम्ही शेपटी म्हणायचो. रविवारी ट्रकवर चढवून ती रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर न्यायची. ट्रकवरून उतरवायला मी, कमरेइतक्या पाण्यात जाऊन ढकलायला मी. बसायला मात्र तात्याजी आणि त्यांचे वकील, डॉक्टर दोस्त. "शालिक, तू थांब इथंच," तात्याजी म्हणायचे. आवाज गोड असायचा. शिवी दिली असती तर सोपं गेलं असतं. दोर हातात घेऊन मी उन्हात उभा राहायचो. तहान लागली की त्यांचा आचारी वरून पाणी ओतायचा आणि मी ओंजळ धरायचो. माझ्या बापाने छप्पन साली धम्मदीक्षा घेतली होती, घरातले देव नदीत सोडले होते. पण पोटाला नोकरी लागत होती. मी ओंजळ धरली.

बोट घेतली ती धंद्यासाठी नव्हे. मला एकच हवं होतं. बोट नव्यासारखी करायची, खिंडसीत उतरवायची आणि तात्याजींना म्हणायचं, "या, बसा." माझ्या बोटीत, माझ्या शब्दावर, माझ्या शेजारी. तेवढं झालं की माझं आणि त्यांचं मिटलं.

बोट दुकानामागच्या शेडमध्ये आणून टाकली आणि दुसऱ्या सकाळी बघतो तर तात्याजी दारात. छत्री काखेत, धोतर धुळीने भरलेलं, सिटी बसने आलेले. ज्याच्या दारात कधीकाळी दोन मोटारी उभ्या असायच्या तो माणूस.

"विकली न तुम्ही ती?" मी म्हटलं.

"विकली. पाहाले मनाई आहे का?"

ते खोक्यावर बसले ते संध्याकाळपर्यंत. मग रोजच येऊ लागले. बोलणं थोडं. बोटीवर हात फिरवत राहायचे, तिच्या कुठल्या फळीला कधी मार बसला ते सांगायचे.

आयुष्यात पहिल्यांदा बोटीचा मालक झालेला मी, इंजिन म्हणजे इंजिन अशा घमेंडीत होतो. भाग खोलले, धुतले, जोडले आणि शेडमध्येच चालू केलं. आवाज असा सुंदर की मी तात्याजींकडे पाहून हसलो. थोड्याच वेळात जळक्या रबराचा वास सुटला. आत पाणी ओढणाऱ्या पंपाच्या रबरी पात्या करपून गेल्या होत्या.

"ते ट्रक नाही गा," तात्याजी म्हणाले. "त्याले रेडिएटर नाही. ते तलाव पिते."

मी पाना भिंतीवर फेकला. "आधी सांगता येत नव्हतं?"

"तू विचारलं नाही."

"मी कशाला विचारू? तुम्ही कधी हात लावू दिला होता का या इंजिनाला? त्याच्यासाठी कलकत्त्याचा मिस्त्री यायचा!"

त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला. दुसऱ्या दिवशी येताना कोणाकडून तरी पाण्याचा मोठा ड्रम हातगाडीवर घालून आणला. इंजिनाला पाणी पाजायला. त्या दिवसापासून न विचारता सांगू लागले.

मे महिन्यात बोटीच्या फळ्या इतक्या सुकल्या की सांध्यांतून पलीकडचं ऊन दिसायला लागलं. मी लांबीचा डबा घेऊन बसलो, एकेक फट ठासून भरायच्या तयारीत. तात्याजींनी माझं मनगट धरलं. "आता ठासशील तं पाण्यात लाकूड फुगन आन् फळी फुटन. त्याले फुगाले जागा ठेव." मग त्यांनी आपल्या जिनिंगमधला शेवटचा कापूस आणला, जवसाच्या तेलात भिजवला आणि खोक्यावर बसून त्याच्या लांबलांब वाती वळू लागले. सांध्यात वात सैल बसवायची, पाणी लागलं की लाकूड तिला स्वतः आवळतं.

कौसल्या चहा घेऊन आली. वातींचा ढीग पाहून म्हणाली, "तात्याजी, आमच्या घरी तं देवच नाही. एवढ्या वाती कोणाले?"

"बोटीले वं, बाई," ते म्हणाले, आणि तिघंही हसलो. त्या शेडमध्ये आम्ही तिघं एकदम हसल्याचं मला एवढंच आठवतं.

ऊन वाढतच गेलं. एका सकाळी तात्याजी सायकल रिक्षा भरून वाळ्याच्या ताट्या घेऊन आले. नागपूरच्या उन्हाळ्यात खिडकीला वाळा नसला तर घराची भट्टी होते. या ताट्या त्यांच्याच घरच्या होत्या, कडांना खिडक्यांचे खिळे तसेच. आम्ही त्या बोटीभोवती बांधल्या आणि पाणी मारलं. सगळी शेड गार सुगंधाने भरून गेली.

"घरी काय लावलं मग?" मी विचारलं.

"घरी कोण आहे? एक म्हातारा. मी सुकलो तं सुकलो. हे सुकलं तं फाटन."

तो उन्हाळाभर ते दुपारी आमच्याकडे गारव्याला बसायचे आणि रात्री भट्टीत झोपायला जायचे. अशा माणसावर राग धरून ठेवणं कठीण असतं. मी धरून ठेवला होता.

तो राग एकदाच बाहेर पडला. शेपटी जिथे मागच्या फळीतून बाहेर येते तिथे एक रबरी भाता असतो, हार्मोनियमच्या भात्यासारखा. तोच पाणी आत येऊ देत नाही. तो काढला तर प्रत्येक घडीवर चिरलेला. मी त्यातून हाताचं बोट आरपार घालून दाखवलं. "एवढंसं रबर फाटलं असतं तर तुमचे वकील-डॉक्टर सगळे तळाशी गेले असते."

"गेलोच असतो," तात्याजी म्हणाले. "आमच्यातल्या एकालेही पोहता येत नव्हतं. मलेही नाही."

मी हातातलं काम थांबवलं.

"म्हणून तं तू काठावर पाहिजे होता, शालिक. तू कन्हानकाठचा, मासोळीसारखा पोहणारा. तलावाच्या मधात गेलो का मी वळून तुले पाहो. तू दिसला का जिवात जीव येये."

इतकी वर्षं मी ज्याला हाकलणं समजत होतो तो भरवसा होता की काय! मग डोकं चाललं, आणि डोक्यापाठोपाठ संताप.

"पोहणारा माणूस बोटीत बसवतात, तात्याजी. काठावरून मी काय उडत येणार होतो?"

त्यांनी सबब शोधली नाही, हे आज मला त्यांचं मोठेपण वाटतं.

"बरोबर आहे तुह्यं," ते म्हणाले. "जागा होती बोटीत. पाण्याले भेत होतो, पण लोकाइले जास्त भेत होतो."

आणि पुन्हा वाती वळू लागले.

भाता मी इथल्याच एका रबरवाल्याकडून साचा पाडून घेतला. पावसाळाभर रंगरोगण चाललं. माझ्या शेजारच्या बैठकीची गादी तात्याजींनी स्वतः भरली, त्याच कापसाने. दिवाळीनंतर भरलेल्या खिंडसीत बोट सोडली, बांधून ठेवली, फळ्यांना पोटभर पाणी पिऊ दिलं. वाती आवळल्या. एकही सांधा गळला नाही.

मग तो दिवस आला. कौसल्या डबे घेऊन काठावरच्या झाडाखाली बसली. मी बोटीत चढलो, शेजारची गादी झटकली आणि वर्षानुवर्षं मनात घोळवलेले दोन शब्द बोललो. "या, बसा."

"पहिले तू पाहून ये, चालते का," तात्याजी म्हणाले. धोतर खोचून ते पाण्यात उतरले होते. पोहता न येणारा म्हातारा कमरेइतक्या पाण्यात शिरला आणि त्याने बोट ढकलली.

इंजिन लागलं. बोट नाक वर करून निघाली. मधोमध गेल्यावर मी वळवली आणि काठाकडे पाहिलं. तात्याजी दोर हातात घेऊन उभे होते. बाजूला बसण्याजोगा दगड होता, कडेला झाडाची सावली होती. ते उन्हात उभे होते, बरोबर जिथे मी उभा राहायचो तिथे. कौसल्या तांब्या आणि ग्लास घेऊन त्यांच्याजवळ गेली. त्यांनी ग्लास बाजूला सारला. मग ते वाकले आणि त्यांनी ओंजळ धरली.

वेगाच्या दांड्यावरून माझा हात सुटला. बोट मंदावली आणि नुसती डुलत राहिली. इतक्या दुरूनही मला दिसलं, कौसल्या घुटमळली, आणि मग तिने वरून पाणी ओतलं.

काठाला आलो तर ती रडवेली. "किती बार म्हटलं ग्लास घ्या म्हणून. आयकतच नाहीत. हातावरच दे म्हणतात."

"तात्याजी, चला," मी म्हटलं. "एक चक्कर."

"नाही गा. आज माहा नंबर काठावर."

"अर्धी चक्कर. काठाकाठाने नेतो."

"नाही."

"बरं, इंजिन बंद ठेवतो. दोर बांधलेला राहू द्या. नुसते बसा, तात्याजी. पाच मिनिटं." माझा आवाज चढला होता. आयुष्यात इतक्या खाली मी कोणासाठी उतरलो नव्हतो.

त्यांनी ओला हात माझ्या खांद्यावर ठेवला. "घासाघीस नको करू, शालिक. पुढच्या खेपेले बसतो."

पुढची खेप आली नाही. त्या थंडीत एका सकाळी ते झोपेतच गेले. त्यांचा पुतण्या दुकानात सांगायला आला तेव्हा मी एका गिऱ्हाइकाशी भाव करत होतो. वाक्य अर्धं राहिलं. गिऱ्हाईक म्हणालं, "मग काय ठरलं?" मी म्हटलं, "तुम्ही म्हणाल ते."

लोक मला समजावतात. म्हणतात, एवढ्या मोठ्या माणसाने तुझ्या बायकोपुढे ओंजळ धरली, आणखी काय पाहिजे? मी त्यांच्याशी भांडतो. मला त्यांची ओंजळ नको होती. माझ्यासारखा उन्हात उभा राहिलेला म्हातारा मी मागितलाच नव्हता. मी मागितलं होतं ते अगदी साधं होतं, गादीवर येऊन बसणं. कोणी मागेल ते देणाऱ्या माणसाने नेमकं तेवढंच मला दिलं नाही. मला काय हवंय ते त्यांनी स्वतःच ठरवलं आणि स्वतःच चुकतं करून निघून गेले.

बोट अजून माझ्याकडे आहे. विकत घ्यायला लोक येतात, मी भाव सांगत नाही. मे लागला की तिच्याभोवती त्याच ताट्या बांधतो आणि पाणी मारतो. तलावावर गेलो की कौसल्या मागच्या बाकावर बसते. तिला सांगावं लागत नाही. शेजारच्या गादीत तात्याजींनी भरलेला कापूस आहे. कोणाच्याही वजनाने न दबलेला, अजून तसाच फुगलेला.