चिंध्यांचे बूट

दोन हजार पाचच्या आसपास मी जर्मनीत उंटरश्लाइसहाइम गावी नोकरीला जायचे. एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, रोज एक म्हातारी जपानी बाई माझ्यासमोर बसायची. मांडीवर पुरुषाचा जुना शर्ट. कात्रीनं कडेला काप द्यायची आणि टर्रकन पट्टी फाडायची. डब्यातले जर्मन कपाळाला आठ्या घालून बघायचे. ही पट्ट्यांचा गुंडा करण्यात गर्क.

एकदा न राहवून मी विचारलंच.

"नवऱ्याचे शर्ट. गेला तो," ती म्हणाली. "आमच्याकडे अशा चिंध्या मागावर विणतात. मी ते कापड रबरी सोलवर शिवून बूट करते."

तिच्या पायात तेच होते, निळ्या-करड्या रेघांचे.

"नवऱ्याचे कपडे पायात?" माझ्या तोंडून गेलंच. आमच्यात माणसाला चुकून पाय लागला, तरी नमस्कार करतात.

"सहा वर्षं अंथरुणाला खिळून होता," ती म्हणाली. "आता जरा फिरू दे की त्याला."

माझ्या आईला जर्मनी बघायची होती. मी दरवर्षी 'पुढच्या उन्हाळ्यात नक्की' म्हणत राहिले. ती गेल्यावर तिची एक साडी तेवढी इथे आणली. कपाटात आहे. अजून घडीही मोडलेली नाही.