बाटली तापली कशी?

महिना होऊन गेला त्याला. धाराशिवच्या बसस्थानकावर तेरच्या गाडीची वाट बघत उभी होते, तेवढ्यात अप्पांच्या मुलीचा, सुवर्णाचा फोन आला. "मॅडम, अप्पा गेले. पहाटं छातीत कळ आली, दवाखान्यापर्यंत बी पोचले न्हाईत." गाडी आली, भरली आणि निघून गेली. मी तिथंच उभी... परवाच तर त्यांच्याशी बोलणं झालं होतं.

महालिंग अप्पा आमच्या महाविद्यालयात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. लोहारा तालुक्यातले. घरात कन्नड, बाहेर मराठी, शिक्षण दहावीपर्यंत. मी नव्यानं शिकवायला लागले तेव्हा माझं पीएच.डी.चं काम स्टायरीन ऑक्साइडवर चाललं होतं. पाण्यासारखं रंगहीन, गोडसर वासाचं द्रव्य. पहिल्याच दिवशी "वास बरा हाय की" म्हणत अप्पा बाटलीवर वाकले आणि मी ओरडलेच. हा गोड वासच फसवा, कातडी आणि डोळे चरचरतात, हातमोज्यांतूनसुद्धा ते झिरपतं, कॅन्सरचाही संशय आहे, असं सगळं एका दमात सांगितलं. अप्पा दोन पावलं मागं सरले, पण गेले नाहीत. "एवढं वंगाळ हाय तर बनवत्यात कशाला?" म्हटलं, यापासून गुलाबाच्या वासाचं द्रव्य तयार करतात, साबणात, अत्तरात घालायला. ते कितीतरी वेळ त्या बाटलीकडं बघत राहिले.

मग रोज एक प्रश्न. हे द्रव्य एवढं चिडकं का? मी कागदावर त्रिकोण काढला. दोन कार्बन आणि एक ऑक्सिजन, तिघं एकमेकांना बळंच वाकवून बांधलेले. सुटायची संधीच शोधत असतात. अप्पा हसले. "म्हंजे आमच्या लोहाऱ्याची कोंबून भरल्याली जीप. दार उघडलं की कडंचा भाईर." आम्ल आलं तर त्रिकोण एका बाजूनं उघडतो आणि अल्कली आली तर बहुधा दुसऱ्या, हे ऐकल्यावर तर त्यांनी स्टूलच ओढलं. "कुठल्या दारानं उतरायचं ते बी ठरल्यालं?" माझ्या प्रबंधाचा सगळा विषय त्या एका वाक्यात होता. परीक्षकांनीसुद्धा मला इतकं सरळ विचारलं नव्हतं.

त्याच वर्षीची एप्रिलमधली दुपार. मुलांचं प्रॅक्टिकल चालू होतं. मी घाईत उरलेलं स्टायरीन ऑक्साइड टाकाऊ द्रावणांच्या बाटलीत ओतलं आणि झाकण घट्ट लावलं. सकाळी त्याच बाटलीत मीच आम्ल ओतलं होतं, ते पार विसरून. थोड्या वेळानं अप्पा फडकं मारत आले. सवयीप्रमाणं त्यांनी बाटलीला पालथा हात लावला आणि थबकले.

"मॅडम, ही बाटली उन्हात व्हती का?"

"नाही. का हो?"

"मग हिला ताप कशाचा?"

सकाळचं आम्ल मला तेव्हा आठवलं. तोवर अप्पांनी, बाटली ज्यात होती त्या धूर ओढणाऱ्या कपाटाची काच खाली ओढली, बर्नरचा गॅस बंद केला आणि शांतपणे म्हणाले, "चला पोरांनो, समदे भाईर. वह्या ऱ्हाऊ द्या." आम्ही व्हरांड्याच्या टोकाला पोचलो आणि आतून धाडकन आवाज आला. काचेला तडा गेला, आतून सगळीकडं चिकट राळ उडाली होती. कुणाला खरचटलंही नाही.

प्राचार्य आले आणि सगळ्यांदेखत अप्पांवर घसरले. बाटल्या नीट ठेवता येत नाहीत का, वगैरे. अप्पा मान खाली घालून उभे. मी बाजूलाच होते, आणि मी गप्प राहिले... नोकरी नवी होती, कायम व्हायची होती. हे लिहिताना आजही लाज वाटते. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी भांडारात जाऊन म्हटलं, "अप्पा, चूक माझी होती."

"ठावं हाय. ओतताना बघितलं व्हतं म्या. आधीचं आम्ल तेवढं ठावं नव्हतं."

"मग बोलला का नाहीत?"

"म्या बोललो तर ती चहाडी. तुमी बोललात तर पोरं शिकतील."

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांना बोलावून, भरल्या वर्गात सगळं सांगितलं. प्राचार्य अप्पांकडं वळले, "माफ करा अप्पा," एवढंच म्हणाले. दारातल्या अप्पांचं मात्र तिकडं लक्षच नव्हतं. "मॅडम, चूक कळली. पण बाटली तापली कशी, ते ऱ्हायलंच की!" मुलं हसली, मीही. खडू घेतला. आम्लानं एक त्रिकोण उघडतो, उष्णता निघते. त्या उष्णतेनं शेजारचे भराभर उघडून साखळीसारखे जोडले जातात. वर झाकण बंद. अप्पा पहिल्या बाकावर येऊन बसले होते. तसं मी पुन्हा कधी शिकवलं नाही.

निवृत्त होऊन गावी गेल्यावर त्यांचे फोन यायचे. शेवटचा, जायच्या दोन दिवस आधीचा, दोन नळ्यांतलं मिसळून लावायच्या डिंकाचा. पाण्याची टाकी सांधायला दोन्ही नळ्या कालवल्या तर वाटी कोमट झाली. "मॅडम, ह्यात बी त्योच तिरकोन बसलाय का?" खरंच बसलेला असतो. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं; बोटांना कळलं होतं.

गेल्या आठवड्यात कार्यालयातून यादी आली, भांडारातल्या बाटल्या इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं लावा, सापडायला सोपं जातं. यादी घेऊन आत गेले. अप्पांनी रचलेली मांडणी तशीच होती: आम्लं खाली, एका कोपऱ्यात, आमची चिडकी मंडळी पार पलीकडं, थंडाव्याला. एकदा म्हणाले होते, "भावकीची पंगत बसवताना बघतोच की, कुणाचं कुणाशी पटत न्हाय ते." यादीत शेजारी-शेजारी आलेल्या त्या दोहोंच्या मधे इथं एक अख्खी फळी मोकळी. तिच्यावर धूळसुद्धा नव्हती. अप्पांच्या जागी आलेल्या नव्या बाई ती रोज पुसतात.

यादी मी परत पाठवली. फळी मोकळीच आहे.